ओसरलेले पाणी आणि मागे राहिलेली ओल

भीमेचा पूर ओसरला की अफजलपूर तालुक्यातील गाणगापूर, घत्तरगी व काठावरील इतर गावांतून पहिले काम सुरू होते ते गाळ काढण्याचे. मदत केंद्रातून परतलेली कुटुंबे फावडे, घमेले आणि खराटा घेऊन घरात शिरतात. दोन-तीन दिवसांत जमीन दिसू लागते, चूल पुन्हा पेटते आणि संकट टळले असे घरातील सर्वांनाच वाटू लागते. परंतु पुराचा दुसरा भाग नेमका याच सुमारास सुरू झालेला असतो. भिंतीच्या कोपऱ्यात, गादीच्या खालच्या अंगाला, कपाटाच्या पाठीमागे आणि धान्याच्या पोत्याच्या मध्यभागी तो गुपचूप वाढत असतो. आठवड्याभराने कुबट वास येतो, पंधरवड्याने काळेहिरवे ठिपके दिसतात, आणि त्याकडे लक्ष जाते तेव्हा उपाय करण्याची सर्वांत चांगली वेळ निघून गेलेली असते. ओलीमागून येणाऱ्या या बुरशीचा विचार आपल्याकडे पुराच्या नुकसानीत क्वचितच केला जातो.

कलबुर्गी व बीदर हे जिल्हे तसे अवर्षणप्रवण भागात मोडतात. वर्षाचा सरासरी पाऊस साधारणतः ७५० ते ९०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे येथील घरबांधणीत उन्हाचा विचार अधिक आणि पाण्याचा कमी झालेला आहे. अलीकडच्या वर्षांत मात्र पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या पुरांनी या भागाला पुन्हा पुन्हा गाठले. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाचा पट्टा काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगण, उत्तर कर्नाटक व सोलापूर या मार्गाने पश्चिमेकडे सरकला. वर उजनी धरणातून सोडलेले पाणी आणि खाली स्थानिक अतिवृष्टी अशा दोन्ही बाजूंनी भीमा फुगली, आणि काठावरील गावे रिकामी करावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना व भीमा या दोन्ही नद्यांनी सोलापूर व कलबुर्गी जिल्ह्यांत पुन्हा तेच केले. बीदर जिल्ह्यात मांजरा व तिला मिळणारी कारंजा यांच्या काठी, भालकी व औराद तालुक्यांत, अतिवृष्टीच्या वर्षी हीच भीती असते. हे पूर सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात ही बाब येथे महत्त्वाची आहे. ऊन अजून पुरते परतलेले नसते, हवेत दमटपणा भरपूर असतो आणि उष्णता मात्र पुरेशी असते. बुरशीला याहून सोयीचा हंगाम नाही.

दोन दिवसांची मुदत

बुरशी पुराच्या पाण्याबरोबर बाहेरून येते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू प्रत्येक घरातील हवेत, धुळीत, कपड्यांवर व धान्यावर बाराही महिने असतातच. कोरड्या घरात ते निपचित पडून राहतात. त्यांना वाढण्यासाठी तीन गोष्टी लागतात: खाद्य, ऊब आणि ओल. लाकूड, कागद, कापूस, चामडे, सरस, शेण, धान्य हे सारे त्यांचे खाद्य होय. ते घरातून काढून टाकणे शक्य नाही. हवेतील ऊब आपल्या हाती नाही. माणसाच्या हाती उरते ती एकच गोष्ट, ओल. आणि तीही थोडाच वेळ. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत कोरडी झाली तर बहुधा तिच्यावर बुरशी धरत नाही, असा अनुभव जगभरच्या जलआपत्तींतून नोंदविला गेला आहे. त्यानंतरचा प्रत्येक दिवस बुरशीच्या बाजूने जातो.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर कित्येक आठवडे घरे बंद राहिली. ऑक्टोबरमध्ये तेथील आरोग्य यंत्रणेने ११२ घरांची पाहणी केली, तेव्हा ५१ घरांत, म्हणजे सुमारे ४६ टक्के घरांत, डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी आढळली. १७ टक्के घरांत तर तिने भिंती व्यापून टाकल्या होत्या. त्या शहरातील घरे आणि येथील घरे यांत साम्य थोडे. पण एक सवय दोन्हीकडे सारखी आहे. पूर आला की घराला कुलूप लावून नातेवाइकांकडे जायचे, आणि पाणी उतरले तरी चोरीच्या भयाने दारे-खिडक्या बंदच ठेवायच्या. पाण्याने जे नुकसान केले नसते ते हे कुलूप करते. घरातील एका तरी मोठ्या माणसाने पाणी उतरताच परतावे, दारे-खिडक्या उघडाव्यात व सामान हलवावे. पुढे महिनाभर केलेल्या दुरुस्तीपेक्षा हे एक काम अधिक मोलाचे ठरते.

जुनी भिंत आणि नवी भिंत

या भागातील घरे तीन-चार प्रकारची आहेत आणि प्रत्येकाची ओल निराळी आहे. बीदरच्या पठारावर जांभा दगड विपुल असल्याने कित्येक जुनी बांधकामे त्याच दगडातील आहेत. जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि सावकाश सोडतो. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती व वर धाब्याचे माळवद असलेली घरे दोन्ही जिल्ह्यांतील खेड्यांत आजही आहेत. ती भिंत वरून चार दिवसांत कोरडी दिसू लागली तरी आतून वाळण्यास कित्येक आठवडे लागतात. घाईने पुढून सारवण केल्यास आतली ओल आतच अडकते, आणि शेणाचे सारवण हे तर बुरशीचे आयते अन्न होय. शहाबादी फरशी स्वतः पाणी फारसे धरीत नाही, परंतु फरश्यांच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी खालच्या मातीत साठून राहते व फरशी कोरडी दिसत असताना तिच्यावर अंथरलेली गादी खालून ओलावत जाते.

एक गोष्ट मात्र अनेकांना चमत्कारिक वाटेल. माती, दगड व चुना यांच्या जुन्या घरापेक्षा प्लायवूडची कपाटे, भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे फर्निचर, फोमच्या गाद्या व तेलरंगाच्या भिंती असलेल्या नव्या घरात बुरशी लवकर व अधिक होते. दगड व चुना हे तिचे खाद्य नव्हे. चुन्याची सफेदी तर तीव्र अल्कधर्मी असल्याने तिच्यावर बुरशीला सहजासहजी पाय रोवता येत नाहीत, आणि ती भिंतीचा श्वासही कोंडत नाही. याउलट तेलरंगाचा थर ओल बाहेर पडू देत नाही. सरस मिसळलेला डिस्टेंपर बुरशीला पोसतो. दिवाळीपूर्वी घरास चुना देण्याची जी रीत आपल्याकडे होती तिचा संबंध केवळ शोभेशी नव्हता, असे म्हणण्यास जागा आहे. पुरानंतर येणाऱ्या दिवाळीसाठी भिंतीवरील डाग झाकण्याकरिता घाईने रंग काढणे हा मात्र पैशाचा अपव्ययच ठरतो. काही आठवड्यांत तोच डाग नव्या रंगातून वर येतो.

घर सुकविण्याची पद्धत साधी आहे, पण तिच्यात चुका फार होतात. वीजजोडणी, मीटर व बटणांचे फलक पाण्यात गेले असल्यास जाणकार वायरमनने तपासल्याशिवाय पंखा किंवा दिवा लावू नये. पंखा लावता आल्यास त्याचे तोंड खोलीकडे नव्हे, तर खिडकीतून बाहेर असावे, म्हणजे ओली हवा बाहेर फेकली जाते. ऊन पडले असता खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पाऊस पडू लागला की लावाव्यात. कपाटे, पलंग व पेट्या भिंतीपासून वीतभर दूर सरकवून विटांवर ठेवाव्यात. खोली लवकर सुकावी म्हणून दारे लावून कोळशाची शेगडी पेटविण्याची पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी. कोळशाच्या अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असून तो झोपेतच जीव घेतो.

भिंत, फरशी, भांडी, लोखंडी पलंग अशा कठीण वस्तू साबणाच्या पाण्याने घासून, धुऊन व पुसून कोरड्या केल्या की त्यांचे काम भागते. ब्लीचिंग पावडरवर लोकांची मोठी श्रद्धा आहे, कारण पुरानंतर विहिरींसाठी ती गावोगाव दिली जाते. गुळगुळीत पृष्ठभागावर तिचा उपयोग होतो; परंतु लाकूड, माती किंवा सच्छिद्र दगड यांच्या आत शिरलेल्या बुरशीपर्यंत ती पोहोचत नाही, आणि डाग पांढरा झाला म्हणजे बुरशी गेली असेही नाही. संडास धुण्याच्या आम्लाबरोबर ती मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे घरातील प्रत्येकास सांगून ठेवणे आवश्यक आहे. फोमची गादी, कापसाची उशी आणि फुगलेली दाबफळी यांना वाचविण्याचा प्रयत्न बहुधा व्यर्थ जातो. गोधडी किंवा कौदी मात्र गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात दोन्ही अंगांनी वाळविल्यास वाचू शकते.

येथे एक अडचण नमूद केली पाहिजे, कारण ती खरी आहे आणि तिच्यामुळेच पुष्कळ घरांत बुरशी माजते. नुकसानीचा पंचनामा होईपर्यंत भिजलेले सामान हलविले तर भरपाई मिळणार नाही, या भीतीने कुटुंबे कुजत चाललेल्या गाद्या व धान्याची पोती आठ-दहा दिवस घरातच रचून ठेवतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. परंतु ओले सामान अंगणात, ओट्यावर अथवा गोठ्याच्या छपराखाली ताडपत्रीवर मांडून ठेवले तरी पाहणीस येणाऱ्यास ते दिसू शकते. सामान हलविण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याची रेघ, खोलीतील सामान व पोत्यांची संख्या यांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि शेजाऱ्यासमक्ष यादी करावी. घर सुकविणे आणि पुरावा राखणे ही दोन कामे एकमेकांच्या आड येऊ देण्याचे कारण नाही.

चाकांवरची खोली

घराइतकाच, किंबहुना घराहून अधिक, धोका आहे तो चाकांवरील व पत्र्याच्या बंद खोल्यांना. फिरत्या दवाखान्याची गाडी, पुस्तकांची गाडी, रस्ता किंवा धरणाच्या कामावरील लोखंडी केबिन, कारखान्याच्या आवारातील सुटे कार्यालय हे सारे या वर्गात मोडतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या पर्यटक गाड्यांचीही त्यांत भर पडू लागली. या सर्वांची रचना साधारण सारखी असते. बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, आणि दोहोंच्या मध्ये उष्णता रोखण्यासाठी फोम किंवा काचलोकरीचा थर. बाहेरच्या पत्र्यातून ओल निघत नाही, आतील प्लायवूडला लावलेल्या रंगीत पापुद्र्यातूनही ती निघत नाही. मधला थर पाणी धरून बसतो. बाहेरून धुऊन-पुसून चकचकीत दिसणारी गाडी आतून महिनोन्‌महिने भिजलेली असू शकते.

अशा गाडीत पाणी दोन वाटांनी शिरते. पुराचे पाणी खालून येते व ते सर्वांना दिसते. दुसरी वाट छपराच्या सांध्यांची, खिडक्यांच्या चौकटींची आणि दिव्यांसाठी पाडलेल्या छिद्रांची. तेथील रबर व लांबी उन्हाने तडकते. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात तर ती लवकरच तडकते, आणि पुढील पावसाळ्यात थेंब-थेंब पाणी भिंतीच्या पोटात उतरत राहते. ते खाली जमिनीच्या प्लायवूडशी साठते. म्हणून छताला डाग दिसत नाही, परंतु दाराशी किंवा कोपऱ्यात पाय ठेवला असता जमीन लिबलिबीत लागते. गाडी दोन दिवस बंद ठेवून उघडताच येणारा कुबट वास ही पहिली खूण, आणि भिंतीच्या तळाशी अंगठ्याने दाबले असता प्लायवूड आत जाणे ही दुसरी. सांधे दरवर्षी मृगापूर्वी तपासून नव्याने भरून घेण्याचा खर्च पुढील दुरुस्तीच्या मानाने नगण्य आहे.

पाणी आत शिरल्याचे लक्षात आल्यावर आतील बाजूस सुगंधी फवारा मारून वा नवा रंग देऊन भागत नाही. भिजलेल्या रेघेच्या वर साधारण एक फुटापर्यंतचे प्लायवूड काढावे लागते, कारण पाणी लाकडात व थरात केशाकर्षणाने वर चढलेले असते. मधला ओला थर काढून टाकावा, सांगाडा उघडा ठेवून पुरता वाळू द्यावा, आणि त्यानंतरच नवे प्लायवूड बसवावे. सांगाडा लोखंडी असेल तर गंज खरवडावा. औषधे ठेवण्याची खोकी, तपासणीच्या खाटेचा फोम, बसण्याच्या गाद्या या पुन्हा वापरू नयेत. रुग्ण तपासण्याच्या गाडीत हा हलगर्जीपणा अधिकच अक्षम्य आहे, कारण तेथे बसणारा मनुष्य आधीच आजारी असतो. पुरानंतर अशा गाड्या व केबिन स्वस्तात विकावयास निघतात. घेणाऱ्याने ताज्या रंगाच्या व अत्तराच्या वासाला भुलू नये. जमिनीवरचे आच्छादन उचलून, कोपऱ्यातील एखादी पट्टी उघडून पाहू देण्यास विकणारा तयार नसेल तर तो सौदा सोडून द्यावा.

पोत्याच्या पोटातील बुरशी

भिंतीवरील बुरशी डोळ्यांना दिसते. ताटातील बुरशी दिसत नाही. या भागाच्या दृष्टीने हाच विषय सर्वांत गंभीर आहे. कलबुर्गी म्हणजे तुरीचे कोठार. येथील तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु खेड्यातील कुटुंबाचे पोट चालते ते ज्वारीवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरी आलेली रब्बीची ज्वारी पोत्यांत, कणगीत किंवा पेवात भरून ती पुढच्या हंगामापर्यंत पुरवायची असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पूर येतो तेव्हा घरात ज्वारी असतेच. शिवाय नुकतेच काढलेले मूग व उडीद खळ्यावर असतात.

भिजलेल्या धान्याने माणसे आजारी पडल्याचे उदाहरण फार दूर शोधावे लागत नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत पोटदुखी, पोट गुरगुरणे व जुलाब यांची साथ उद्भवली. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी घरोघर चौकशी केली. ज्या घरांत पावसाने भिजून बुरशी आलेली ज्वारी किंवा मका खाण्यात आला होता त्याच घरांत आजार होता. शेजारच्या घरी चांगले धान्य होते, तेथे तो नव्हता. दूषित धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीने तयार केलेले विष सापडले. सुदैवाने ते धान्य खाणे थांबविताच रुग्ण बरे झाले. त्याआधी १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी भागात अवकाळी पावसात भिजलेल्या मक्याने याहून भयंकर प्रकार घडविला होता. अफ्लाटॉक्सिन या विषामुळे कावीळ व जलोदर होऊन ३९७ आजाऱ्यांपैकी १०६ जण दगावले. तेथील पाळीव कुत्रीही त्याच धान्याने मेली.

या विषांचे वैशिष्ट्य असे की भाकरी भाजल्याने किंवा डाळ शिजविल्याने ती पुरेशी नष्ट होत नाहीत. बुरशी मरते, विष राहते. म्हणून बुरशी आलेले धान्य धुऊन, पाखडून, उन्हात घालून दळण्याची पद्धत धोक्याची आहे. भारतातील अन्नसुरक्षा मानकांत अफ्लाटॉक्सिनची मर्यादा तृणधान्ये व कडधान्ये यांच्यासाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवलेली आहे. इतके अल्प प्रमाण डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला कळणे अशक्य आहे.

तेव्हा भिजलेल्या धान्यात प्रथम भेद करावा. केवळ पावसाच्या पाण्याने ओलावलेले आणि लगेच लक्षात आलेले धान्य वाचू शकते. त्याचे पोते तत्काळ सोडून ताडपत्रीवर बोटभर जाडीचा थर पसरावा, दर तासाने हलवावे, ऊन नसल्यास छपराखाली पंख्याच्या वाऱ्यात ठेवावे. पुराच्या पाण्यात बुडालेल्या धान्याची गोष्ट निराळी. त्यात संडासाची, गोठ्याची व शेतातील औषधांची घाण मिसळलेली असते. ते माणसाच्या खाण्यास योग्य नाही. वर्षाची ज्वारी उकिरड्यावर टाका असे सांगणे सोपे आहे, ज्याच्या घरात दुसरे धान्य नाही त्याने ते ऐकणे कठीण आहे, याची जाणीव ठेवूनच हे लिहावे लागते. म्हणूनच पूरग्रस्त कुटुंबास धान्याची मदत पहिल्या आठवड्यात पोहोचणे याला निव्वळ दयेपलीकडचे महत्त्व आहे. ती उशिरा पोहोचली तर मधल्या दिवसांत भिजलेलेच धान्य दळले जाते.

धान्य आतून तापते आहे काय हे पाहण्यासाठी पोत्याच्या मध्यापर्यंत हात घालावा. मध्यभागी ऊब लागली तर बुरशीचे काम सुरू झाले असे समजावे. ओलावा जोखण्याची एक घरगुती रीतही आहे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य व चमचाभर पूर्ण कोरडे मीठ घालून हलवावे आणि दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्यात साधारण १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे, आणि ते साठविण्यायोग्य नाही. ज्वारी साठविताना हा ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असावा.

माणसांना नको ते धान्य गुरांपुढे टाकण्याची सवय सर्वत्र आहे. दुभत्या जनावराने अफ्लाटॉक्सिनयुक्त पेंड किंवा धान्य खाल्ले तर त्या विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध पुन्हा घरातील लहान मुलांकडेच येते. बुरशी आलेले धान्य, पेंड किंवा कडबा म्हशीला घालणे ही काटकसर नव्हे.

पेव बुडाले असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. ओल्या धान्याच्या श्वसनाने पेवातील प्राणवायू संपून तेथे कार्बन डाय-ऑक्साइड साठतो. पेवाचे तोंड उघडून ते पुरेसा काळ तसेच हवेवर ठेवावे, आणि त्यानंतरही कमरेला दोर बांधल्याशिवाय व वर दोन माणसे उभी असल्याशिवाय कोणीही आत उतरू नये.

सफाई कोणी करू नये

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार व दमा यांचा त्रास अधिक होतो, असे स्पष्ट म्हटले आहे. बुरशी कोरडी खरवडली की तिचे बीजाणू हवेत उधळतात. म्हणून डाग आधी ओला करून मगच पुसावा, आणि नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क व हातांत मोजे असावेत. दम्याचे रुग्ण, वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, मधुमेह आटोक्यात नसलेले आणि कर्करोगाचे वा तत्सम उपचार घेणारे यांनी या कामापासून व त्या खोलीपासून दूर राहावे. प्रत्यक्षात घरातील सफाई बहुतेक वेळा सुनेकडे वा वृद्ध सासूकडे येते, मग ती कोणत्याही अवस्थेत असो. हे काम घरातील धडधाकट पुरुषांनी अंगावर घेण्यास काहीच हरकत नसावी.

२०२१ मध्ये कोविडपाठोपाठ आलेल्या म्यूकरमायकोसिस या आजारास ‘काळी बुरशी’ असे नाव पडल्याने भिंतीवरचा प्रत्येक काळा डाग म्हणजे तोच रोग, अशी भीती अनेकांच्या मनात बसली. तसे नाही. त्या रोगातील काळेपणा हा मृत झालेल्या पेशींचा असतो, आणि तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असलेल्यांना होतो. भिंतीवरील काळी बुरशी बहुधा निराळ्या जातीची असते. भिण्यापेक्षा ती हटविणे उपयोगी पडेल.

भिजलेले कागद

घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू बहुधा पत्र्याच्या ट्रंकेत असते: पहाणीचे उतारे, खरेदीखत, शिधापत्रिका, मुलांची गुणपत्रके, वडिलांच्या हातची एखादी वही. पाण्यात बुडालेली ट्रंक बाहेरून कोरडी झाली तरी आत तशीच ओली राहते, म्हणून ती त्याच दिवशी उघडावी. कागद कडक उन्हात टाकू नयेत. ते आक्रसतात व शाई फिकी पडते. सावलीत, वाऱ्यावर, शक्यतो एकेक सुटा करून कोऱ्या कागदांच्या घड्यांवर ठेवावा आणि खालचा कागद ओला झाला की बदलावा. पाने एकमेकांना चिकटली असतील तर ओढून वेगळी करू नयेत. कागद पुष्कळ असून दोन दिवसांत वाळविणे जमणार नसेल, तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावात ज्यांच्याकडे फ्रीज असेल त्यांच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि सवड मिळेल तेव्हा थोडे-थोडे काढून वाळविता येतात.